रानमोडीच्या गाठीत राहणारी माशी

फळमाशीचं नाव काढलं की आंबेवाल्याच्या कपाळाला आठी पडते आणि कारली-काकडीवाला तर हातच जोडतो. फळाच्या सालीखाली अंडी घालणारी, आणि आंबा कापल्यावर आत वळवळणाऱ्या अळ्या दाखवून पाहुण्यांसमोर मान खाली घालायला लावणारी ही माशी आपल्याला नको तितकी माहीत आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा बागेत टांगून तिच्या नरांचा बंदोबस्त करणारे पुष्कळ बागायतदार आहेत. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार लावलं, ते याच कुळातल्या माश्या पेट्यांत सापडल्या म्हणून. ते दार उघडायला २०१५ साल उजाडलं.

तेव्हा ‘एक फळमाशी आपल्या उपयोगाची आहे’ असं कुणी म्हटलं तर तुम्ही त्याला वेड्यातच काढाल. पण हे कूळ फार मोठं आहे. चार हजारांवर जाती आहेत यात. सगळ्याच काही फळावर जगत नाहीत. काही फुलाच्या बोंडात राहतात, काही खोडात शिरतात, आणि काही अशा आहेत की झाडाच्या खोडाला गाठ आणवतात व त्या गाठीतच लहानाच्या मोठ्या होतात. आज ज्या माशीची ओळख करून द्यायची आहे ती या शेवटच्या प्रकारातली. शास्त्रीय नाव सेसिडोकेअरस कनेक्सा. नाव अवघड आहे, लक्षात नाही राहिलं तरी चालेल. ‘गाठीची माशी’ म्हणूया. तिचा पत्ता मात्र पक्का लक्षात ठेवा: रानमोडी.

रानमोडी कोण, हे वेगळं सांगायला नको

सिंधुदुर्ग, गोवा, आणि घाटावर चंदगड-आजऱ्याकडच्या वाचकांना तर नकोच. तरी घाटमाथ्याच्या पलीकडच्या मंडळींसाठी दोन ओळी. पान त्रिकोणी, कडा दातेरी, देठापासून तीन शिरा फुटलेल्या. पान चुरगळलं की उग्र वास येतो. थंडीत फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांचे झुबके लागतात आणि उन्हाळा चढायला लागला की कापसासारखं हलकं बी वाऱ्यावर सुटतं. घाणेरीशी तिची गल्लत करू नका. घाणेरीच्या फांदीला काटे असतात, फुलं रंगीत असतात, फळं पाखरं खातात. रानमोडीला काटा नाही, आणि तिला पाखराची गरजही नाही, वारा पुरतो.

मोकळ्या जागेत ती माणसाच्या डोक्यावर जाते. आधाराला झाड मिळालं की त्याच्या अंगावर रेलून त्याहूनही वर चढते. वरकस जमीन दोन पावसाळे पडीक टाकली की तिसऱ्या वर्षी तिथे शिरायला कोयती लागते. नव्या काजूच्या लागवडीत कलमापेक्षा ती आधी वाढते. गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि ते बरंच आहे, कारण कोवळ्या पाल्यात नायट्रेटचं प्रमाण जास्त असतं व ते गुरांना बाधतं. त्यामुळे गायरानात चांगलं गवत खाल्लं जातं, रानमोडी राहते. होता होता गायरान नावापुरतं उरतं. उन्हाळ्यात तिच्या वाळलेल्या काटक्या तेलाच्या काकड्यासारख्या पेटतात. डोंगराला लागलेला वणवा बागेच्या बांधापर्यंत येतो तो पुष्कळदा तिच्याच आधाराने.

एक गुण तिच्या नावावर जमा केला पाहिजे. कोयती लागली, रक्त थांबेना, की तिचा पाला चुरगळून जखमेवर दाबतात. रक्त थांबतं. व्हिएतनामपासून केरळपर्यंत लोक हेच करतात. पण एवढ्या उपकारापायी अख्खं रान तिच्या नावे करून द्यावं असं काही नाही.

ही मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून, शोभेचं झाड म्हणून आली. तिथून आसाम, मग दक्षिण, असा तिचा पसारा वाढला. केरळात तिला ‘कम्युनिस्ट पच्चा’ म्हणतात. आपल्याकडे गाजरगवताला ‘काँग्रेस गवत’ म्हणायची पद्धत आहेच. म्हणजे तणांनीसुद्धा आपापले पक्ष वाटून घेतलेत म्हणायचे!

गाठ म्हणजे नेमकं काय?

भातवाल्यांना हे चटकन कळेल. भातावरची गादमाशी आठवा. तिची अळी रोपाच्या पोंग्यात शिरते आणि जिथे पान यायचं तिथे पोकळ, चंदेरी नळी येते. लोंबी येत नाही. ती नळी रोपाने स्वतःच्याच पेशींनी बांधलेली असते, पण अळीच्या सांगण्यावरून. गाठीचं तंत्र हेच आहे. कीटक आपल्या लाळेतून वा अशाच कुठल्या रसायनातून झाडाला फसवतो, आणि झाड त्या जागी पेशी वाढवत सुटतं. कीटकाला घर मिळतं, भिंती खायला मिळतात, ऊन-पावसाची चिंता मिटते.

याचं दुसरं उदाहरण तुमच्या घरातच आहे. बाळगुटीतलं मायफळ! नावात ‘फळ’ आहे, पण ते फळ नव्हे. पश्चिम आशियातल्या ओक जातीच्या झाडावर एक बारीक गांधीलमाशी अंडी घालते, तिथे आलेली ही गाठ. आजीने सहाणेवर उगाळलेलं मायफळ म्हणजे एका कीटकाचं घर होतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

गादमाशी आणि आपली गाठीची माशी यांचं नातं लांबचं आहे, एवढं मात्र ध्यानात ठेवा. गादमाशी डासासारखी नाजूक असते, तिचं कूळ वेगळं. गाठीची माशी आंब्याच्या फळमाशीच्या कुळातली आहे. पण आंब्याच्या फळमाशीला आंबा चालतो, पेरू चालतो, चिकू चालतो. या बाईचं तसं नाही. तिला रानमोडीच लागते.

तिचा संसार

माशी घरमाशीपेक्षा लहान, काळपट अंगाची, पंखांवर गडद पट्टे. मादी रानमोडीचा कोवळा शेंडा किंवा पानाच्या बेचक्यातला डोळा शोधते आणि मिटलेल्या कोवळ्या पानांच्या मध्ये अंडी घालते. एका ठिकाणी पाच-दहा, कधी त्याहून जास्त. अंड्यातून निघालेल्या अळ्या त्या कोंबातून खाली खोडात शिरतात आणि थोड्याच दिवसांत तिथे फुगवटा दिसू लागतो. आधी हिरवा, मऊ. मग तो बोराएवढा होतो, टणक होतो, तपकिरी पडतो. उभा चिरून पाहिलात तर आत प्रत्येक अळीची स्वतंत्र खोली दिसेल. बहुधा दोन-तीन खोल्या असतात, कधी अधिक. चाळीत बिऱ्हाडं असावीत तशी.

आता यातली खरी गंमत. माशी झाल्यावर तिला दात नसतात, करवत नसते. गाठ तर लाकडासारखी टणक. मग बाहेर पडणार कशी? त्याची तजवीज अळी आधीच करून ठेवते. कोषात जाण्यापूर्वी ती आतून बाहेरच्या दिशेने एक बोगदा पोखरत आणते आणि सालीचा पातळ पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवते. बाहेरून पाहिलं तर गाठीवर एक छोटी गोल खिडकी दिसते. कोषातून निघालेली माशी तो पापुद्रा ढकलते आणि उडून जाते. मागे राहतं टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडं मोठं भोक. तुमच्या झुडपावरच्या गाठीला भोक दिसलं तर समजा, बिऱ्हाड गेलं. नुसती खिडकी दिसली तर बिऱ्हाड आत आहे.

अंड्यापासून माशीपर्यंत साधारण दोन महिने लागतात. म्हणजे हिरवा कोंब वर्षभर मिळाला तर वर्षाला पाच-सहा पिढ्या. माशी स्वतः थोडेच दिवस जगते, चावत नाही, डसत नाही, पिकाला हात लावत नाही.

याचा रानमोडीवर परिणाम काय? झाड मरतं का? एका गाठीने मरत नाही. पण जो अन्नरस शेंड्याला, फुलाला जायचा, तो गाठीत मुरतो. एका झुडपावर पंचवीस-पन्नास गाठी झाल्या की फांद्या खुरटतात, शेंडे मरतात, फुलं कमी येतात, बी कमी धरतं. वर्षानुवर्षं हे चाललं की झुडपांची दाटी विरळ होते, खाली ऊन पोचतं आणि गवताला, इतर रोपांना डोकं वर काढायला जागा मिळते. एका रात्रीत काही होत नाही. तणनाशक फवारून आठ दिवसांत पिवळं पडलेलं रान बघायची ज्याला सवय झाली आहे, त्याचा या कामात जीव रमणार नाही.

कोलंबिया ते बेंगळुरू, व्हाया सुमात्रा

या माशीचं माहेर मध्य आणि दक्षिण अमेरिका. रानमोडीचंही तेच. तिथे रानमोडीवर शेकडो जातींचे कीटक, बुरशा जगतात, म्हणून तिथे ती एक साधं झुडूप आहे. आपल्याकडे ती एकटी आली, तिचे शत्रू तिकडेच राहिले. मग शत्रूंनाही बोलावून घ्यावं, हा विचार जुना आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात फड्या निवडुंगाने शेतं गिळली होती. १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या पिठ्या ढेकणासारख्या एका किड्याने त्याचा दक्षिण भारतात फडशा पाडला. गाजरगवतावरचा मेक्सिकन भुंगा तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो १९८४ मध्ये बेंगळुरूला सोडण्यात आला.

रानमोडीच्या बाबतीत पहिला प्रयोग पाला खाणाऱ्या एका सुरवंटाचा झाला. १९७० च्या दशकात त्रिनिदादहून आणून केरळ-कर्नाटकात सोडलेला तो टिकला नाही. पुढे श्रीलंकेहून आणलेल्या सुरवंटाने दक्षिण कर्नाटकात काही जागी बस्तान बसवलं, पण रान मोकळं झालं असं काही घडलं नाही.

गाठीच्या माशीचा प्रवास त्यानंतरचा. १९९३ मध्ये ती कोलंबियातून इंडोनेशियाला, उत्तर सुमात्रात नेण्यात आली. तेलताडाच्या मळ्यांत रानमोडीने तिथे उच्छाद मांडला होता. आधी पिंजऱ्यात ठेवून, वेगवेगळी पिकं आणि रानमोडीच्या नात्यातली झाडं तिच्यापुढे ठेवून पाहण्यात आलं. ही परीक्षा अशी असते: रानमोडी आहे सूर्यफुलाच्या कुळातली. याच कुळात सूर्यफूल, करडई, झेंडू, शेवंती येतात. तेव्हा माशी त्यांच्याकडे वळते का, हे आधी पाहावं लागतं. ती वळली नाही. १९९५ मध्ये तिला सुमात्रात मोकळं सोडलं, आणि ती टिकली. वाढली.

तिची खरी कर्तबगारी दिसली ती पापुआ न्यू गिनीत. नकाशात ऑस्ट्रेलियाच्या वर जे मोठं बेट दिसतं, त्याची पूर्वेकडची अर्धी बाजू. तिथला खेड्यातला माणूस घरामागच्या वाडीवर जगतो. रताळी, केळी, सुरणासारखे कंद. रानमोडीने त्या वाड्या, नारळाच्या बागा, गुरांची कुरणं गिळली होती. १९४० नंतरच्या दशकांत शिरलेलं हे तण तेरा प्रांतांत पसरलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या मदतीने तिथे २००१ पासून ही माशी सोडायला सुरुवात झाली. पुढे साडेतीनशेहून अधिक ठिकाणी ती सोडण्यात आली. पद्धत अगदी साधी. जिथे माशी आहे तिथल्या गाठी असलेल्या फांद्या तोडायच्या, नव्या जागी नेऊन रानमोडीच्या झुडपात उभ्या करायच्या. पिकलेल्या गाठीतून माश्या निघतात आणि पुढचं काम आपसूक होतं. काही ठिकाणांहून ती शंभर किलोमीटरपर्यंत स्वतःच पसरली. तेरापैकी नऊ प्रांतांत रानमोडी चांगलीच आटोक्यात आली. सोडून दिलेल्या वाड्या लोकांनी पुन्हा कसायला घेतल्या. तण वेचण्यात जाणारा वेळ वाचला, आणि तो वेळ तिकडेही बहुतेक बायकांचाच होता, जसा तो आपल्याकडे आहे.

भारतात ही माशी इंडोनेशियातून आली. बेंगळुरूची जी संस्था आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो म्हणून ओळखली जाते, तिथे आपल्याकडच्या झाडा-पिकांवर तिची पुन्हा परीक्षा झाली. २००५ मध्ये बेंगळुरू परिसरात ती मोकळी सोडली. कर्नाटकात पुत्तूर आणि केरळात त्रिशूर भागातही सोडण्यात आली. बेंगळुरूकडे तिने मूळ धरलं आणि आपल्या आपण पसरू लागली.

मग आपल्याकडे सगळं रान मोकळं का होत नाही?

प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर ती माशी कुठे राहते, यातच आहे.

तिला हिरवा, कोवळा कोंब लागतो. बाराही महिने. पापुआ न्यू गिनीच्या पुष्कळ भागांत पाऊस वर्षभर थोडाफार पडतच असतो, रानमोडी कधी पूर्ण वाळत नाही, म्हणून माशीच्या पिढ्यांमागून पिढ्या चालू राहतात. आपल्या कोकणात चार महिने धो धो पाऊस आणि मग पुढच्या जूनपर्यंत कोरड. फेब्रुवारी-मार्चमध्ये कातळावरची, उतारावरची रानमोडी पान टाकते, काड्या होते. त्या काडीत माशीला काय मिळणार? मग पावसाळा लागला की उरल्यासुरल्या माश्यांना पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागते, आणि रानमोडी मात्र बुडख्यातून एका दमात वर येते. लांब कोरड्या ऋतूच्या प्रदेशात ही माशी जोर धरत नाही, हा सगळीकडचा अनुभव आहे.

त्यात वणवा. वणवा लागला की वाळलेल्या फांद्यांतल्या गाठी जळतात, कोष जळतात. रानमोडीचा बुडखा मात्र जमिनीत शाबूत राहतो. म्हणजे आग लावून आपण तिच्या शत्रूला मारतो आणि तिला वाचवतो! शिवाय जळून मोकळ्या झालेल्या जमिनीवर तिचंच बी सगळ्यात आधी रुजतं. जाळून रानमोडी गेली, असं म्हणणाऱ्या माणसाने दुसऱ्या वर्षी त्याच जागी जाऊन पाहावं.

तिसरी गोष्ट म्हणजे देशी परोपजीवी. आपल्याकडच्या बारीक गांधीलमाश्या परक्या अळीवरही अंडी घालायला शिकतात. याच तऱ्हेची दुसरी एक गाठ करणारी माशी, मूळची मेक्सिकोची, १९६३ मध्ये न्यूझीलंडहून भारतात आणून निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे सोडली होती, तिथल्या थंड डोंगरातल्या रानमोडीच्या एका चुलत तणावर. तिला इथल्या परोपजीवींनी गाठलं आणि तिचं काम अर्ध्यावर राहिलं. गाठीच्या भिंतीआडही सुरक्षितता नाही म्हणायची.

आणि रानमोडीतही दोन वाण आहेत, हे एक निराळंच. दक्षिण आफ्रिकेत जी रानमोडी पसरली, ती आशियातल्या रानमोडीपेक्षा वेगळी. तिच्यावर ही माशी गाठ धरेना. दिसायला झाड जवळजवळ तेच, पण माशी फसली नाही. आपल्याकडची रानमोडी इंडोनेशियातल्यासारखीच आहे, तेवढी आपली बाजू बरी.

हे सगळं मांडलं की माशीचा पत्ता आणखी नेमका होतो. ओहोळाच्या, पऱ्ह्याच्या काठची रानमोडी. पाटाच्या कडेची. बागायतीच्या कुंपणालगतची, जिला सुपारी-नारळाच्या शिंपणाचा ओलावा मिळतो. जिथे एप्रिलातही रानमोडीला हिरवा शेंडा दिसतो, तिथे ती उन्हाळा काढू शकते. दाट सावलीत मात्र तिला शोधू नका. तिथे रानमोडीच नीट वाढत नाही.

आता कोयती हातात घेताना

बागेतली, लागवडीतली, शेतातली रानमोडी काढायचीच. माशीसाठी ती राखा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पण काढण्यात वेळ आणि रीत महत्त्वाची. फुलं यायच्या आधी, म्हणजे पाऊस ओसरताना, जमीन ओली असताना बुडख्यासकट खणून काढली तर तिचा वंश तुटतो. ग्रासकटरने वरच्या वर कापली तर तीनच आठवड्यांत कापल्या जागेवरून चार फुटवे येतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. फुलोऱ्यापूर्वी कापलेला हिरवा पाला कलमांच्या आळ्यात अंथरायला किंवा खतात घालायला चांगला. बी धरलेली फांदी मात्र खतात घालू नका, नाहीतर पुढच्या वर्षी ती खताबरोबर सगळ्या बागेत जाईल. एका वर्षाच्या खणण्याने काम पुरं होत नाही, पाठोपाठ दोन-तीन वर्षं नवी रोपं उपटावी लागतात. आणि मोकळी झालेली जागा उघडी ठेवू नका. गवत धरू द्या, सावलीची झाडं लावा. दाट सावली रानमोडीला मानवत नाही.

माशीचा विचार करायचा तो पाणंदीत, ओहोळाच्या काठी, गावठाणाच्या पडीक कडेला, जिथे तुमचे हात पुरत नाहीत आणि ग्रामपंचायतीचे पैसेही पुरत नाहीत. तिथली झुडपं तोडण्यापूर्वी एकदा खोडाकडे नजर टाका. टणक, फुगीर गाठी दिसल्या, त्यांवर खिडकी किंवा भोक दिसलं, तर ती झुडपं उभी राहू द्या. बागेच्या बांधावर अशा गाठींची फांदी तोडावीच लागली तर ती पेटवू नका, भाजावळीच्या कवळातही घालू नका. त्या ओलसर कडेच्या रानमोडीत नेऊन उभी करून ठेवा. खिडकी पडलेल्या गाठीतून माशी निघून जाईल. कोवळ्या हिरव्या गाठीची फांदी तोडली तर अळी मरते, म्हणून शक्यतो ती तोडूच नका.

सरपंच मंडळींना एक विनंती. पावसाळ्याआधीच्या साफसफाईत ठेकेदार सरसकट काडी लावतो. जिथे गाठी सापडल्या असतील तेवढा पट्टा त्याला आधी दाखवून द्या, दोन दगड चुन्याने रंगवून ठेवले तरी पुरे. आणि वणवा रोखण्यासाठी जाळरेषा काढायची ती बागेच्या बाजूने काढा, ओहोळाच्या बाजूने नको.

कर्नाटकातून पोतंभर गाठी आणून आपल्या गावात सोडाव्या, असा उत्साह कुणाला येईल. तो आवरावा. परदेशातून कुठलाही कीटक आणायला केंद्र सरकारचा परवाना लागतो हे तर झालंच, पण देशातल्या देशातही गाठींबरोबर त्यांच्यातले परोपजीवी येतात, रानमोडीचं बी येतं, आणि आपण एका उपायाबरोबर दोन दुखणी घरी आणतो. शास्त्रज्ञ गाठी आधी बंद पिंजऱ्यात ठेवतात, निघालेल्या माश्या आणि परोपजीवी वेगळे करतात, मग फक्त माश्या सोडतात. तेवढी खबरदारी पोत्यात होत नाही.

तुमच्या शिवारात गाठी दिसल्या तर एक फांदी पाकिटात घालून, वर गावाचं नाव, जागा आणि तारीख लिहून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात पोचवा. पाकीट कागदाचं घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत फांदी घामेजते आणि आतली अळी कुजते. गाठी बघायला उत्तम काळ म्हणजे गणपतीपासून दिवाळीपर्यंत. रानमोडी तेव्हा हिरवी असते, फुलं आलेली नसतात, आणि नाहीतरी त्या दिवसांत बांध साफ करायला तुम्ही तिच्यापाशी जाणारच आहात.